रूट कॅनाल केल्याने दात खरंच कमकुवत होतो का? फाइल, मशीन आणि कॅपमागचं विज्ञान



गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं वडगावहून लोकल पकडून लोणावळ्याला गेलो होतो. भुशी डॅमवर मनसोक्त भिजलो आणि परत येताना स्टेशनजवळ शेंगदाण्याची चिक्की घेतली. दुसऱ्याच घासाला उजव्या बाजूला 'कट्' आवाज झाला. आधी वाटलं चिक्की मोडली. मग जिभेला कळलं की दाढेचाच एक तुकडा हलतोय.

आठ महिन्यांपूर्वी त्याच दाढेचं रूट कॅनाल झालं होतं. "महिन्याभरात कॅप बसवून घे," असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण ठणका थांबला होता, नवीन फोनचा हप्ता सुरू होता, आणि दुखत नसलेल्या दाढेवर परत पैसे कोण घालणार? एक्स-रे काढला तेव्हा समजलं, चीर थेट मुळापर्यंत गेली होती. दाढ काढावी लागली.

घरी सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "रूट कॅनाल केलं की दात खिळखिळा होतोच." रील्सवरही हेच ऐकायला मिळतं. मला मात्र नीट जाणून घ्यायचं होतं. दाताची ताकद नेमकी कोणत्या पायरीवर जाते? डॉक्टर वापरतात त्या फाइल आणि मशीनमुळे काय फरक पडतो? आणि माझी दाढ वाचली असती का? चला, एकेक करून पाहूया.

आधी दाताची रचना समजून घेऊ

दाताचे तीन थर असतात. सगळ्यात वर एनॅमल. हा आपल्या शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ, पण काचेसारखा ठिसूळ. त्याच्या खाली डेंटिन. ते एनॅमलपेक्षा मऊ असतं, थोडं लवतं, आणि दातावर येणारा बहुतेक भार तेच पेलतं. सगळ्यात आत असतो पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ भाग. बोलताना आपण त्यालाच 'नस' म्हणतो.

हा पल्प मुळांमधून बारीक नळ्यांनी खाली हाडापर्यंत जातो. खालच्या पहिल्या दाढेत साधारण तीन नळ्या असतात, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत अनेकदा चार सापडतात. आणि या नळ्या सरळ पाइपसारख्या नसतात. कुठे वाकलेल्या, कुठे चपट्या, कुठे एकमेकींना जोडलेल्या.

रूट कॅनालमध्ये नेमकं काय करतात?

कीड पल्पपर्यंत पोहोचली की आत जंतुसंसर्ग होतो आणि ठणका सुरू होतो. मग डॉक्टर या पायऱ्यांनी काम करतात:

- किडलेला भाग काढून टाकतात.
- दाताच्या वरून पल्पपर्यंत जायला भोक करतात.
- बारीक फाइल घालून नळ्या साफ करतात आणि त्यांना निमुळता आकार देतात. यालाच 'प्रिपरेशन' म्हणतात.
- प्रत्येक टप्प्यावर औषधी द्रावणाने नळ्या धुतात.
- कोरड्या केलेल्या नळ्या गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करतात.
- वर पक्कं सिमेंट भरतात आणि गरज असेल तर कॅप बसवतात.

पहिल्या तीन पायऱ्यांमध्ये दाताचा काही ना काही भाग जातो. आणि गेलेलं डेंटिन परत उगवत नाही.

कार्ल्याची लेणी पाहिली असतील तर हे पटकन लक्षात येईल. तिथल्या चैत्यगृहातले खांब बाहेरून आणून उभे केलेले नाहीत. डोंगर कोरताना तेवढा दगड राखून ठेवला, त्याचेच खांब झाले. एखादा जास्त कोरला गेला असता तर तो परत चिकटवता आला नसता. रूट कॅनाल हे असंच कोरण्याचं काम आहे. फक्त जागा काही मिलिमीटरची असते.

"नस काढली की दात वाळतो आणि ठिसूळ होतो." खरं की खोटं?

ही समजूत जुनी आहे. झाडाची फांदी वाळली की कडकन मोडते, तसंच दाताचं होतं असं सांगितलं जातं.

१९९२ मध्ये सेजली आणि मेसर या दोन संशोधकांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी एकाच माणसाचे जोडीचे दात घेतले, एका बाजूचा रूट कॅनाल झालेला आणि दुसऱ्या बाजूचा तोच दात नस जिवंत असलेला. अशा २३ जोड्यांच्या डेंटिनची तुलना केली. जिवंत दाताचं डेंटिन सुमारे ३.५ टक्के जास्त कडक निघालं. बाकीच्या यांत्रिक चाचण्यांमध्ये सांगण्यासारखा फरक सापडला नाही.

म्हणजे रूट कॅनालनंतर दात मोडतो तो मुख्यतः वाळला म्हणून नाही. डेंटिन बऱ्यापैकी तसंच असतं, ते फक्त कमी उरलेलं असतं.

मग ताकद जाते कुठे?

याचं उत्तर देणारा एक प्रयोग १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या उपदाढांवर एकेक पायरी करत दाताचा ताठपणा मोजला. आकडे असे आले:

- फक्त रूट कॅनालसाठी वरून भोक केलं: ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी कमी.
- चावण्याच्या पृष्ठभागावर साधा खड्डा केला: सुमारे २० टक्क्यांनी कमी.
- पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंची भिंत कापून आरपार खड्डा केला: सुमारे ६३ टक्क्यांनी कमी.

पहिला आणि शेवटचा आकडा परत बघा. ज्या रूट कॅनालला आपण दोष देतो, त्याच्या भोकाने ५ टक्के गेले. दाताच्या बाजूच्या भिंती गेल्या तेव्हा ६३ टक्के.

असं का होतं? घरातली अख्खी प्लास्टिकची बांगडी दोन बोटांत दाबून बघा. आता एका ठिकाणी चिरलेली बांगडी तशीच दाबा. चिरलेली लगेच वाकते, कारण वर्तुळ तुटलं की जोर वाटून घेणारं कोणी राहत नाही. दाढेच्या वरच्या कडेला अशीच एक गोल उभारी असते, जी दाढेचे उंचवटे एकत्र बांधून ठेवते. दोन दातांच्या फटीतली कीड नेमकी ही उभारी खाते.

दुसरं कारण खोलीचं. एक फूटपट्टी टेबलाच्या कडेला धरा. आधी १० सेंटीमीटर बाहेर ठेवून टोक दाबा, मग २० सेंटीमीटर बाहेर ठेवून तेवढ्याच जोराने दाबा. लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट होतं. जाडी निम्मी झाली तरीही आठपट. खड्डा जितका खोल, तितकी दाढेची उरलेली भिंत उंच. आणि जितकं जास्त कापलं, तितकी ती पातळ. मग प्रत्येक घासाला ती बाहेर वाकते आणि परत येते. तार पुढेमागे वाकवत राहिलो की एका क्षणी तुटते ना, तसंच एक दिवस इथे चीर पडते. त्या दिवशी तोंडात चिक्की असेलच असं नाही, साधी पोळीही असू शकते.

वरचं भोक: मोठं की छोटं?

पूर्वी पल्पच्या खोलीचं पूर्ण छत काढायचे, म्हणजे सगळ्या नळ्या स्पष्ट दिसायच्या आणि फाइल सरळ आत जायची. गेल्या काही वर्षांत छोट्या भोकाचा विचार पुढे आला. २०१० मध्ये क्लार्क आणि खादेमी यांनी एका भागावर भर दिला: दाताभोवतीचं हाड जिथे सुरू होतं, त्याच्या वर सुमारे ४ मिमी आणि खाली सुमारे ४ मिमी असलेलं डेंटिन. दाताच्या मानेजवळचा हा पट्टा शक्य तितका राखा, कारण चावताना येणारा जोर इथूनच मुळाकडे जातो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे काहींनी भोक इतकं छोटं केलं की त्याला 'निन्जा अ‍ॅक्सेस' असं नाव पडलं. इन्स्टाग्रामवर असे फोटो खूप फिरतात. दिसायला भारी, पण फायदा किती?

२०१४ च्या एका प्रयोगात काढलेल्या दातांवर छोटं भोक आणि नेहमीचं भोक यांची तुलना झाली. दाढा आणि उपदाढा छोट्या भोकामुळे मोडायला जास्त जोर लागला. पण खालच्या दाढांच्या मागच्या नळीत फाइल न पोहोचलेला भागही जास्त उरला. नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे आले नाहीत. काहींमध्ये फरक दिसला, काहींमध्ये नाही. बाजूच्या भिंती आधीच गेलेल्या असतील तर भोक एखादा मिलिमीटर लहान करून फारसं काही वाचत नाही.

म्हणून आज बरेच डॉक्टर मधला मार्ग धरतात: नळ्या दिसतील आणि साफ करता येतील एवढंच उघडायचं, सवयीने जास्त कापायचं नाही. इथे टेक्नॉलॉजी कामाला येते. मायक्रोस्कोपखाली काम केलं की नळीचं तोंड शोधायला इकडेतिकडे उकरावं लागत नाही. सीबीसीटी नावाच्या थ्रीडी स्कॅनमध्ये मुळांचा नकाशा आधीच मिळतो. नळी फारच आक्रसलेली असेल तर या स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर एक साचा बनवतात आणि ड्रिल त्याच्या छिद्रातून ठरलेल्या दिशेनेच जातं.

फाइल: स्टीलपासून नायटिनॉलपर्यंत

आता मुख्य हत्याराकडे येऊ. रूट कॅनालची फाइल सुईसारखी बारीक असते. तिच्यावर एक नंबर असतो. २५ नंबर म्हणजे टोकाची जाडी ०.२५ मिमी. दुसरी गोष्ट 'टेपर', म्हणजे टोकापासून वर जाताना ती किती जाड होत जाते. २ टक्के टेपर म्हणजे दर मिलिमीटरला ०.०२ मिमी.

हिशोब करून बघा. २५ नंबरची फाइल, टोकापासून १६ मिमी वर किती जाड असेल?

- २ टक्के टेपर: ०.५७ मिमी
- ४ टक्के टेपर: ०.८९ मिमी
- ६ टक्के टेपर: १.२१ मिमी

टोक सारखंच आहे, पण वर जाडी दुपटीहून जास्त झाली. आणि ही वाढ होते नेमकी मानेजवळच्या त्या पट्ट्यात. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात, दोन मुळं वेगळी होतात त्याच्या जरा खाली, आतल्या बाजूची भिंत आधीच बारीक असते, बऱ्याचदा जेमतेम १ मिमीच्या आसपास. डेंटिस्ट तिला 'डेंजर झोन' म्हणतात. तिथे जास्त कोरलं तर मुळाला भोक पडू शकतं. म्हणून काही नव्या फाइलमध्ये वरची जाडी ०.८ मिमीच्या पुढे जाऊच देत नाहीत.

आता वळणाचा प्रश्न. पूर्वी फाइल फक्त स्टेनलेस स्टीलच्या असत आणि हाताने फिरवत. स्टीलची बारीक फाइल वाकते, पण जाड फाइल सरळ व्हायला बघते. खंडाळ्याच्या घाटात लांब ट्रेलर वळताना पाहिलाय? पुढची चाकं वळण घेतात, पण मधला भाग आतल्या कडेवर चढतो. वाकड्या नळीत जाड स्टीलच्या फाइलचं असंच होतं. मधल्या भागात ती आतली भिंत घासते आणि टोकाशी बाहेरची. नळी मूळची वाट सोडते, आणि मुळाची एक बाजू विनाकारण पातळ होते.

यावर उपाय मिळाला तो अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतून. १९६० च्या सुमारास विल्यम ब्यूलर यांनी तिथे निकेल आणि टायटॅनियमच्या एका मिश्रधातूवर काम केलं. तिचं नाव नायटिनॉल. ही धातू बरीच वाकवली तरी सोडल्यावर मूळ आकारात येते. न मोडणाऱ्या चष्म्याच्या फ्रेममध्ये आणि शरीरातल्या काही स्टेंटमध्येही तीच असते. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टाइन यांनी दात सरळ करण्याच्या नायटिनॉल तारेपासून रूट कॅनालची फाइल बनवून तपासली. ती तेवढ्याच मापाच्या स्टीलच्या फाइलपेक्षा दोन ते तीन पट लवचिक निघाली.

यामुळे दोन गोष्टी शक्य झाल्या. फाइल वळणावर नळीच्या मधोमध राहू लागली. आणि ती मोटरला लावून फिरवता येऊ लागली. आजची एंडोमोटर फाइलवर किती जोर येतोय ते मोजते आणि मर्यादा ओलांडली की थांबते किंवा उलटी फिरते. काही फाइल गोल फिरतच नाहीत, त्या पुढेमागे फिरतात. एका प्रसिद्ध पद्धतीत कापण्याच्या दिशेने १५० अंश आणि मग उलट ३० अंश. यामुळे फाइल डेंटिनमध्ये अडकून तुटण्याचा धोका कमी होतो.

पण लक्षात ठेवा, लवचिक धातूमुळे नळीची वाट चुकत नाही एवढंच. किती जाड फाइलपर्यंत जायचं, हे डॉक्टरच ठरवतात.

मशीनच्या फाइलने मुळाला चिरा पडतात का?

हा वाद वाचण्यासारखा आहे. २००९ मध्ये एका अभ्यासात काढलेल्या दातांवर वेगवेगळ्या फाइल वापरल्या, मग मुळांचे आडवे काप करून पाहिलं. हाताच्या फाइलच्या गटात चिरा नव्हत्या, मशीनच्या काही गटांत होत्या. झालं! 'मशीनचं रूट कॅनाल वाईट' अशी चर्चा सुरू झाली.

पण यात एक अडचण होती. काप केल्यावर तो दात संपला. चीर फाइलने पडली, काप करताना पडली की आधीपासूनच होती, हे कसं कळणार?

२०१४ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी वेगळी युक्ती केली. त्यांनी दात न कापता मायक्रो-सीटी स्कॅन काढले, एकदा फाइल वापरण्याआधी आणि एकदा नंतर. दोन्ही स्कॅन शेजारी ठेवल्यावर दिसलं की नंतर दिसलेल्या चिरा आधीच्या स्कॅनमध्येही होत्या. मशीनने नवीन चीर पाडलेली नव्हती. अशाच पद्धतीने झालेल्या नंतरच्या बऱ्याच अभ्यासांनी हेच दाखवलं.

तेव्हा कोणी म्हणालं की "मशीनने करू नका, दात तडकतो," तर त्यावर लगेच विश्वास ठेवायचं कारण नाही.

मग अगदी कमीत कमी कोरलं तर?

आतापर्यंत वाचून वाटेल की जितकं कमी कोराल तितकं चांगलं. तसंही नाही. रूट कॅनालचा पहिला उद्देश जंतू काढणं हा आहे. आत जंतू राहिले तर मुळाच्या टोकाशी परत पू होतो, आणि परत रूट कॅनाल म्हणजे परत कोरणं. दात मजबूत राहिला पण आजारी राहिला, तर काय उपयोग?

शिवाय फाइल सगळीकडे पोहोचतच नाही. २००१ मध्ये वरच्या दाढांच्या मायक्रो-सीटी अभ्यासात चार पद्धती तपासल्या. चारही पद्धतींमध्ये नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलच्या स्पर्शाविना राहिला. तिथली सफाई करतं ते द्रावण. बहुतेक वेळा हे सोडियम हायपोक्लोराइट असतं, म्हणजे ब्लीचचंच वैद्यकीय रूप. ते जंतू मारतं आणि मेलेला पल्प विरघळवतं. पण ते मुळाच्या टोकापर्यंत पोहोचायचं तर नळीत थोडी जागा लागते. फाइलने आकार देण्याचं हे एक मोठं कारण आहे.

या द्रावणाचाही दाताच्या ताकदीशी संबंध आहे. तीव्र हायपोक्लोराइट जास्त वेळ ठेवलं तर डेंटिनमधलं प्रथिन कमी होतं आणि त्याची वाकणं सहन करायची ताकद घटते. शेवटी वापरतात ते ईडीटीए फाइलने तयार झालेला भुग्याचा थर काढतं, पण ते जास्त वेळ राहिलं तर डेंटिनमधलं कॅल्शियमही खातं. म्हणून ते साधारण मिनिटभरच ठेवतात.

थोडक्यात, डॉक्टरांना दोन टोकांच्या मध्ये चालावं लागतं. जंतू जातील एवढं कोरायचं आणि भिंत राहील एवढं थांबायचं.

कॅप: आपल्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट

बैलगाडीचं लाकडी चाक आठवा. त्याच्यावर लोखंडी धाव चढवतात. धाव तापवून बसवली की थंड होताना आक्रसते आणि चाकाचे सगळे लाकडी तुकडे घट्ट आवळते. कॅप तापवून बसवत नाहीत, सिमेंटने चिकटवतात, पण काम तेच करते. बांगडीसारखी जी कड किडीने तोडली, ती बाहेरून परत जोडते. मग चावताना भिंती बाहेर फाकत नाहीत.

पण धावेला धरायला चाक लागतंच. कॅप टिकायची तर तिच्या खाली चहूबाजूंनी खऱ्या दाताची दीड ते दोन मिमी उंच भिंत असावी लागते. याला 'फेरूल' म्हणतात. म्हणूनच मानेजवळचं डेंटिन राखण्यावर एवढा जोर दिला जातो.

इथे आणखी एक गैरसमज. "आत रॉड टाकला की दात मजबूत होतो." नाही. पोस्ट टाकतात तो वरचं सिमेंट धरून ठेवायला जागाच उरली नसेल तेव्हा. त्याने मूळ मजबूत होत नाही. उलट त्याच्यासाठी जास्त कोरलं तर मूळ कमजोर होतं.

कॅपचा फायदा किती? २००२ मध्ये अ‍ॅक्विलिनो आणि कॅपलन यांनी रूट कॅनाल झालेल्या दातांच्या जुन्या नोंदी तपासल्या. कॅप न बसवलेले दात, कॅप बसवलेल्या दातांच्या तुलनेत ६ पट वेगाने गमावले गेले होते.

प्रत्येक दाताला कॅप लागते असं नाही. पुढच्या दातात भोक छोटं असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर पक्कं सिमेंट पुरतं. दाढा आणि उपदाढांना मात्र बहुतेक वेळा कॅप किंवा उंचवटे झाकणारं तत्सम काहीतरी लागतंच, कारण चावण्याचा खरा भार तिथे येतो.

डॉक्टरांना काय विचारायचं?

घाबरायचं कारण नाही. विचारणं हा आपला हक्क आहे. हे प्रश्न फोनच्या नोट्समध्ये सेव्ह करून ठेवा:

- कीड काढल्यावर दाताच्या किती भिंती उरतील? कॅपसाठी पुरेसा दात राहील का?
- रबर डॅम लावणार का? लाळ आणि जंतू आत जाऊ नयेत म्हणून दाताभोवती लावतात ते रबराचं कापड.
- मुळाची लांबी कशी मोजणार? अ‍ॅपेक्स लोकेटर नावाचं यंत्र फाइल आणि ओठ यांच्यामधला विद्युत अडथळा मोजून मुळाचं टोक ओळखतं. याचा पाया १९६२ मध्ये जपानच्या सुनादा यांनी घातला.
- पक्कं सिमेंट आणि कॅप किती दिवसांत? तोपर्यंत त्या बाजूने काय खायचं नाही?
- एकूण खर्च कॅपसकट किती? हप्त्याने देता येईल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रूट कॅनालचा खर्च वेगळा आणि कॅपचा वेगळा सांगितला की आपण कॅपवर बचत करतो. मीही तेच केलं. पैशांची अडचण असेल तर डेंटल कॉलेजचा पर्याय बघा. तिथे खर्च साधारण कमी येतो, फक्त वेळ जास्त लागतो. मावळातून लोकलने पिंपरीला डॉ. डी. वाय. पाटील डेंटल कॉलेज गाठता येतं, पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे. तिथे 'कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडोंटिक्स' हा विभाग विचारा.

आणि हो, प्रत्येक एक्स-रेचा फोनवर नीट फोटो काढून ठेवा. पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर आधी किती कोरलंय ते त्यांना लगेच दिसतं.

थोडक्यात

- रूट कॅनालने दात वाळून ठिसूळ होत नाही. कीड आणि कोरण्यामुळे तो कमी उरतो, म्हणून मोडतो.
- सगळ्यात जास्त ताकद जाते बाजूच्या भिंती गेल्याने. नुसत्या भोकाने फार कमी.
- लवचिक नायटिनॉल फाइलमुळे नळीची वाट टिकते, पण जास्त जाड फाइल मानेजवळचं डेंटिन खाते.
- फार कमी कोरलं तर जंतू राहतात. मधला मार्गच बरा.
- दाढेला कॅप सांगितली असेल तर ठणका थांबला म्हणून ती टाळू नका.

माझ्या दाढेचा जुना एक्स-रे नंतर परत पाहिला. कीड दोन्ही बाजूंच्या फटींतून आत गेली होती, म्हणजे दोन्ही भिंती रूट कॅनालच्या आधीच गेलेल्या. १९८९ च्या त्या यादीतला शेवटचा आकडा, ६३ टक्के. नळ्या छान भरल्या होत्या, मुळाच्या टोकाशी काही गडबड नव्हती. राहिली होती ती फक्त बाहेरची धाव, आणि ती माझ्यामुळे राहिली होती. फोनचे हप्ते कधीच फिटले. दाढेची जागा अजून रिकामीच आहे.

तुमच्या ओळखीत कोणी रूट कॅनाल करून कॅप पुढे ढकलत असेल, तर हा लेख त्यांना पाठवा. शक्यतो पुढच्या लोणावळा ट्रिपच्या आधी!